मधल्या दाराची मावशी

मावशीला कशाचीच किळस येत नाही, असं शाळेत सगळे म्हणायचे. सेविका म्हणून तिनं इथं सव्वीस वर्षं काढली होती. वर्गात कोणाचं पोट बिघडलं, की शिक्षक नाकाला रुमाल लावून दाराबाहेर आणि मावशी बादली-फडकं घेऊन दाराच्या आत. वांत्या, उवा, पाण्याच्या टाकीत पडून फुगलेला उंदीर, काहीही असो, बाईच्या कपाळावर आठी म्हणून नाही. उंदीर तर तिनं शेपटीला धरून हेडसरांच्या खिडकीसमोरून नेला होता. "मेलेल्याची कसली हो किळस? ते बिचारं काही बोलत नाही," असं वर म्हणाली होती.

बोलणाऱ्यांची किळस तिला आली ती वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, निवृत्तीला जेमतेम महिना उरलेला असताना. आणि तीही शाळेच्या सभागृहात, जे तिनं स्वतः झाडून-पुसून लख्ख केलं होतं आणि जिथं हेडसरांनी गुलाबाच्या वासाचा फवारा मारला होता.

पण त्याआधी मधलं दार सांगायला हवं.

मुलींच्या संडासाला तीन दारं होती. तिन्ही बाहेर उघडणारी. आणि गवंड्यानं चौकटी अशा काही बसवल्या होत्या, की दार सोडलं रे सोडलं की ते पाहुण्याला वाट दिल्यासारखं आपोआप सताड उघडायचं. आतून कडी एकालाही नव्हती. पूर्वी होती. अकरा वर्षांपूर्वी पाचवीतली एक मुलगी आत चक्कर येऊन पडली, कडी आतून लावलेली, आणि पहारीनं दार फोडेपर्यंत पाव तास गेला. मुलगी वाचली. आठवड्याभरानं दोरीच्या उड्या मारायला लागली. घाबरली ती समिती. गावात शाळा पाच आणि त्यांच्यावर संयुक्त समिती एक. तिनं तातडीनं बैठक घेऊन ठराव केला, की मुलांच्या वापरातल्या सगळ्या संडासांच्या आतल्या कड्या काढून टाकाव्यात. शिक्षकांच्या संडासाची कडी तेवढी राहिली. मोठ्या माणसांना चक्कर येत नसावी.

स्क्रू काढले मावशीनं. हेडसरांनी सांगितलं, तिनं काढले. "तेव्हा मला तरी कुठं अक्कल होती!" असं ती नंतर स्वतःलाच बोल लावायची. कारण तिची स्वतःची लेक तेव्हा त्याच शाळेत आठवीत होती.

पंधरा दिवसांत मावशीच्या लक्षात आलं, की पिण्याच्या पाण्याची टाकी दुपारपर्यंत भरलेलीच राहतेय. मुलींनी पाणी प्यायचं सोडलं होतं. मैत्रिणीनं दार धरायचं, तर मुलगे येऊन तिला ढकलायचे, दार खेचायचे आणि हसत पळायचे. त्यापेक्षा तहान बरी. महिन्याभरात मावशीची लेक तापानं फणफणली. लघवीला आग, कंबरेत कळा. डॉक्टरांनी विचारलं, "ही दिवसभर पाणीच पीत नाही की काय?" लेक भिंतीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून मोठ्या सुट्टीत मावशी मधल्या दाराला पाठ लावून उभी राहायला लागली.

वीस मिनिटांची सुट्टी. एक मुलगी आत, बाकीच्या रांगेत, आणि दाराला मावशीची पाठ. "आटप गं, आत काय गोष्टीचं पुस्तक वाचतेस?" "मावशी, दोनच मिनिटं!" "दोन मिनिटांत दोघी उरकतात, नीघ!" असं हाकत हाकत वीस मिनिटांत बावीस मुली व्हायच्या. फार झाल्या तर चोवीस. शाळेत मुली एकशे चाळीस. उरलेल्या पायावर पाय टाकून गणितं सोडवायच्या.

तिनं सांगितलं नाही असं नाही. तीन हेडसर झाले, तिघांना सांगितलं. तिघांचं उत्तर एकच. "समितीचा ठराव आहे, मावशी. तो समितीच बदलू शकते." एकदा तिनं स्वतःच कडी आणून ठोकली, तर दुसऱ्या दिवशी ती काढून तिच्याच हातात ठेवण्यात आली, वर ठरावाचं उल्लंघन केल्याची समज. त्यानंतर पाठ आणि दार, दार आणि पाठ. अकरा वर्षं.

आणि आता महिन्याभरात ही पाठ घरी जाणार होती. मावशीच्या जागी कोणी नेमणार नव्हतं. मधल्या दाराचं काय, एवढी एकच काळजी तिला होती.

अशात समितीला ध्येयाची उबळ आली.

पाचही शाळांचं मिळून एक ध्येय ठरवायचं, एक दृष्टी ठरवायची आणि ती पाचही शाळांच्या भिंतींवर रंगवायची. वरून तसं पत्रच आलं होतं. त्यासाठी मोठ्या शहरातून एक मार्गदर्शक बाई बोलावल्या गेल्या. त्यांनी आल्या आल्या सभागृहाच्या भिंतीवर पिवळ्या, गुलाबी, हिरव्या चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली, म्हणून मावशीनं मनातल्या मनात त्यांचं नाव चिठ्ठीबाई ठेवलं. नऊ जणांचा मसुदा गट नेमला गेला. त्यात समितीचे अध्यक्ष, ज्यांची लाकडाची वखार होती. त्यात या शाळेचे हेडसर. बाकी शिक्षक-पालक. पत्रात लिहिलं होतं, की शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक प्रतिनिधी हवाच. मग हेडसरांनी मावशीच्या छातीवर 'प्रतिनिधी' लिहिलेली पट्टी लावली आणि म्हणाले, "बसा मावशी, आज तुम्ही चहा द्यायचा नाही. म्हणजे आधी द्या, मग बसा."

मावशीला खरं सांगायचं तर हर्ष झाला. समिती समोर बसली होती! ज्या समितीनं कड्या काढल्या, तीच, सदेह, बिस्किटं खात.

चिठ्ठीबाईंनी टाळी वाजवली. "डोळे मिटा सगळ्यांनी. दहा वर्षांनंतर तुम्ही या शाळेत आलात. काय दिसतंय?"

"जागतिक दर्जा," एक शिक्षक डोळे मिटूनच म्हणाले.

"वा!" गुलाबी चिठ्ठी.

"उत्तुंग व्यक्तिमत्त्वं," अध्यक्ष म्हणाले.

"क्या बात है!" हिरवी चिठ्ठी.

"मावशी, तुम्हाला काय दिसतंय? लाजू नका हं."

मावशी लाजतबिजत नव्हती. "मला मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडी दिसतेय."

सभागृहात कोणीतरी खुदकन हसलं. चिठ्ठीबाईंनी मान एका बाजूला कलती केली आणि पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं, 'सुरक्षिततेची भावना'.

"मी कडी म्हणाले, मॅडम."

"हो हो, तेच ते. भावना महत्त्वाची."

"भावना नाही हो. कडी. लोखंडाची. एवढी." मावशीनं बोटांनी माप दाखवलं.

हेडसर खाकरले. "मावशी, आज तक्रारी नकोत. आज स्वप्नं बघायचीत."

"बघितलं की, सर. डोळे मिटून बघितलं."

"जरा मोठं बघा," अध्यक्ष समजुतीनं म्हणाले. "कडीबिडी काय, ती होतच असते."

अकरा वर्षं होत नव्हती, असं मावशीच्या अगदी जिभेवर आलं होतं; पण तोवर चिठ्ठीबाई 'मूल्यां'कडे वळल्या होत्या. भिंत भरत गेली. सर्वांगीण. समृद्ध. सक्षम. मावशीला ती भिंत न धुतलेल्या अंगावर अत्तर ओतल्यासारखी वाटायला लागली.

मधल्या वेळेत चिठ्ठीबाई तिच्याकडे लगबगीनं आल्या. शिक्षकांचा संडास एकच आणि त्यात अध्यक्ष शिरले होते. अध्यक्ष शिरले की लवकर निघत नाहीत, हे पाचही शाळांना ठाऊक होतं. "मावशी, मुलींचं कुठंय? आणि... आतून लागत नाहीये का ते? जरा उभ्या राहता?"

मावशी उभी राहिली. मनात म्हणाली, बरं झालं. आता कळेल.

चिठ्ठीबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे पाणावलेले होते. त्यांनी मावशीचे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही रोज अशा उभ्या राहता?"

"अकरा वर्षं झाली."

"आणि मुलीसुद्धा एकमेकींसाठी?"

"राहतात. करतील काय दुसरं?"

"किती सुंदर!" चिठ्ठीबाई म्हणाल्या.

मावशीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण नाही. चिठ्ठीबाई जवळजवळ धावतच सभागृहात गेल्या, सगळ्या चिठ्ठ्यांच्या मधोमध मोठा पांढरा कागद लावला आणि कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "मित्रांनो, मला या शाळांचा आत्मा सापडला!" कागदावर त्यांनी लिहिलं: 'आमच्या शाळांत प्रत्येक मूल दुसऱ्याची राखण करते.' मग त्यांनी ते कुठं सुचलं हेही सांगितलं, संडास हा शब्द टाळून. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. रुमालाला हात पुसत आलेल्या अध्यक्षांनीही काय चाललंय ते न विचारता टाळ्या वाजवल्या.

मावशीनं हात वर केला. "मग कडीचं काय?"

हेडसर रंगात आले होते. "अहो मावशी, कडी लावली तर राखण कोण करणार? ध्येयवाक्यच खोटं पडायचं!"

सगळे हसले. हेडसरही हसले, पण हसता हसता त्यांनी कागदाकडे अशा नजरेनं पाहिलं, की मावशीला कळलं, हे गमतीनं बोलले आणि आता यांना ते पटलंय.

तिच्या तोंडात आंबट पाणी सुटलं. उंदराच्या वेळी सुटलं नव्हतं, ते तेव्हा सुटलं. ती उठून मागच्या नळावर गेली, चूळ भरली, थुंकली, परत भरली. तोंड काही स्वच्छ होईना. मुलींनी तहान मारून, लाज मारून, लघवी मारून काढलेले दिवस, आणि यांना त्यात आत्मा सापडला!

घरी आल्यावर तिनं लेकीला सगळं सांगितलं. लेक आता औषधांच्या दुकानात कामाला होती आणि जिभेनं आईवर गेली होती. ती कपड्यांच्या घड्या करत ऐकत होती.

"ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात," मावशी म्हणाली. "इथं तर जळूनही कळेना. बया आत जाऊन आली गं! आत जाऊन आली आणि म्हणते, सुंदर!"

"तिचं कुठं जळलं?"

"म्हणजे?"

"तू उभी होतीस ना बाहेर. तिचं छान झालं सगळं." लेकीनं घडी मोडून पुन्हा घातली. "रागावू नकोस आई, पण तू उभी राहतेस म्हणून तर त्यांना कडी लागत नाही. अकरा वर्षं तूच कडी झालीस. फुकटात."

"मग काय पोरींना वाऱ्यावर सोडू?"

"मी तसं म्हटलं का?"

"मग काय म्हटलंस?"

"मला माहीत नाही," लेक म्हणाली. "तुझा महिना तेवढा भरतोय, एवढं माहितीये."

मावशी रागावली. दोन दिवस लेकीशी कामापुरतंच बोलली. बोलणं लागलं होतं म्हणूनच.

अंतिम बैठक तीन आठवड्यांनी ठेवली होती. मावशीच्या निवृत्तीला आठ दिवस होते. त्या दिवशी नऊही जणांच्या सह्या घेऊन कागद वर पाठवायचा होता, 'सर्वानुमते' असा शेरा मारून. हेडसरांनी तयारीत कसर ठेवली नव्हती. व्यायामशिक्षकांनी आठवडाभर मुला-मुलींकडून घोटून घेतलं होतं, की पाहुण्या मॅडम जिथं दिसतील तिथं, अगदी जिन्यात, मैदानात, कुठंही, ताठ उभं राहायचं, हात छातीवर न्यायचा आणि एका आवाजात म्हणायचं, "स्वागत आहे, मॅडम! आम्ही एकमेकांची राखण करतो!" सकाळी चिठ्ठीबाई फाटकातून सभागृहापर्यंत पोचल्या, तोवर त्यांचं चार वेळा स्वागत झालं होतं.

बैठक लांबली. 'करते' की 'करतो', यावर तासभर गेला. मोठ्या सुट्टीच्या जरा आधी चिठ्ठीबाई उठल्या आणि मावशीला खुणेनं बाहेर बोलावलं. अध्यक्षांची खुर्ची रिकामी होती. म्हणजे शिक्षकांचा संडास भरलेला होता.

"मावशी, जरा उभ्या राहता?"

"नाही, मॅडम."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. दार आतून धरा. पोरी धरतात."

"तुम्हाला बरं नाहीये का?"

"मला काही झालेलं नाही. तुमचं उरकून घ्या, सुट्टी होईल."

चिठ्ठीबाईंकडे वाद घालायला वेळ नव्हता. त्या आत गेल्या. मावशी चार पावलांवर भिंतीशी थांबली, हाताची घडी घालून. मधल्या दाराला आत मूठ नाही. कडी होती तिथली चार भोकं आहेत, अकरा वर्षांत पोरींच्या बोटांनी रुंद झालेली. त्यातल्या एकात बोट अडकवून दार ओढून धरायचं आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं सगळं आवरायचं. पाचवीतल्या मुलींना ते दोन महिन्यांत जमतं. चिठ्ठीबाईंचा पहिलाच दिवस होता.

घंटा झाली. मुली सुटल्या, धावत आल्या, मावशी दाराशी नाही हे बघून गोंधळल्या, आणि नेमकं तेव्हा बोट निसटलं. दार सवयीप्रमाणे सताड उघडलं.

वीस-बावीस मुली. समोर पाहुण्या मॅडम, ज्या स्थितीत कोणालाही कोणी पाहू नये त्या स्थितीत. पण आठवडाभर घोटलेलं होतं. पहिल्या मुलीचा हात आपसूक छातीवर गेला, मग सगळ्यांचे गेले.

"स्वागत आहे, मॅडम! आम्ही एकमेकांची राखण करतो!"

वऱ्हांड्याच्या टोकाला सभागृहातून बाहेर आलेले हेडसर उभे होते. तिथून त्यांना मुलींच्या पाठमोऱ्या रांगेपलीकडचं काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. ते आनंदानं ओरडले, "शाब्बास! आवाज कुठंय? पुन्हा एकदा!"

मुलींनी पुन्हा म्हटलं.

मावशीनं त्या बाईचा चेहरा पाहिला. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. अकरा वर्षांत तो तिनं कितीतरी लहान लहान अंगांवर पाहिला होता. आणि जो आनंद होईल असं सकाळपासून वाटत होतं, त्याचा पत्ताच नव्हता. तिनं पुढं होऊन दार लोटलं आणि पाठ लावली.

"फिरा मागं सगळ्या!" ती गरजली. "आणि जी घरी जाऊन हसेल, तिची गाठ माझ्याशी आहे!"

पाठीमागं, फळीपलीकडं, कोणीतरी तोंडावर हात दाबून रडत होतं.

"सावकाश होऊ द्या, मॅडम," मावशी मान न वळवता म्हणाली. "मी आहे."

चिठ्ठीबाई सभागृहात परतल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं, पण नाक लाल होतं. त्या बसल्या नाहीत. "एक ठराव हवाय," म्हणाल्या. "पाचही शाळांत मुलींच्या संडासांना आतून कड्या. अडचण आली तर बाहेरून उघडता येतील अशा मिळतात. याच आठवड्यात."

"हो, मग! घ्या की लिहून," अध्यक्ष म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"अनुमोदन," हेडसर म्हणाले. आणि मावशीकडे वळून, दुखावल्यासारखे, "अहो, इतकी साधी गोष्ट. तुम्ही आधी बोलायचं नाही का?"

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. मावशीनं पाहिलं होतं. दोन मिनिटंही लागली नव्हती. ज्यासाठी बावीस-बावीसच्या रांगा लागल्या, लेकीची कंबर गेली, तीन हेडसरांपुढं तोंड वाजवून झालं, ते एका मोठ्या बाईचा गुडघा एकदा उघडा पडला म्हणून दोन मिनिटांत झालं. एकशे चाळीस मुलींच्या लाजेला वजन नव्हतं. पाहुण्यांच्या लाजेला होतं. तिला हवं ते मिळालं होतं आणि ते तोंडात धरवत नव्हतं. आपण यांच्यात बसून चहा प्यायलो याचीसुद्धा तिला शिसारी आली.

ध्येयाचा कागद फिरत फिरत तिच्यापुढं आला. राखणीचं वाक्य जसंच्या तसं होतं, फक्त आता सोनेरी चौकटीत. आठ सह्या झालेल्या.

"करा मावशी, इथं," हेडसरांनी बोट ठेवलं.

"आधी कडीच्या ठरावावर कुठं करायची ते दाखवा."

त्यांनी दाखवलं. तिनं केली, ठसठशीत, अक्षर अक्षर जुळवून. मग पेनाला टोपण लावलं.

"आणि ही?"

"ही नाही."

"अहो, सर्वानुमते लिहायचंय!"

"आठानुमते लिहा," मावशी म्हणाली आणि कपबशा गोळा करायला उठली. चिठ्ठीबाईंनी आपला कप स्वतः उचलून ताटलीत ठेवला. मान काही वर केली नाही.

कड्या आल्या, त्या मावशीचे शेवटचे दोन दिवस उरले तेव्हा. सुतारानं तिन्ही दारांना बसवल्या. हेडसरांनी सूचनाफलकावर लिहवून घेतलं, की नव्या ध्येयाचं पहिलं पाऊल पडलं. मावशी ते वाचून फलकाच्या खाली थुंकणार होती, पण झाडायचं तिलाच होतं म्हणून गिळलं.

मोठ्या सुट्टीत सवयीनं ती मधल्या दाराशी गेली. रांग तीन दारांत वाटली गेली होती आणि भराभर पुढं सरकत होती. आत सहावीतली एक हडकुळी पोर शिरली. खट्ट झालं. मावशी तिथंच उभी.

"मावशी?" आतून आवाज आला.

"काय गं?"

"जा ना तुम्ही. तुम्हाला सगळं ऐकू येतं."